समोरासमोर बसायची जागा

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. तुम्ही पार्ले पूर्वेला आहात, हायवेच्या अलीकडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. कटकची वन-डे संपलीय, भारत जिंकलाय, ताटं बेसिनमध्ये गेली आहेत आणि घरातलं कोणीतरी सहज चॅनल बदलतं. कुलाब्यात गोळीबार. खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून हाक मारतात, "काय हो, टोळीयुद्ध परत सुरू झालं की काय?" कुलाबा इथून लांब. तुम्ही बातम्या बघत बसता, पण काळजी अशी वाटत नाही.

पावणेअकराच्या सुमाराला खिडकीच्या काचा थरथरतात. मांडणीतली भांडी एकदम वाजतात. आवाज हायवेवरून आलेला असतो. तुम्ही चपला अडकवून खाली उतरता, आणखी दहा-बारा माणसं तुमच्यासारखीच निघालेली असतात. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पोचता तेव्हा पोलीस लोकांना मागे ढकलत असतात. डांबरावर पसरलेला पत्रा ही थोड्या वेळापूर्वी टॅक्सी होती, हे शेजारच्या माणसाला सांगावं लागतं.

पुढच्या दिवसांत तुम्हाला कळतं ते असं. समुद्रातून आलेल्या दहा जणांपैकी दोघे कफ परेडजवळ एका काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसले आणि सीएसटीला उतरले. उतरण्याआधी त्यांनी सीटखाली टायमर लावलेला बॉम्ब ठेवला होता. टॅक्सीवाल्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यानं दुसरं भाडं घेतलं आणि उपनगराच्या दिशेनं निघाला. पार्ल्याला बॉम्ब फुटला. दोघे जागच्या जागी गेले, टॅक्सीवाला आणि मागे बसलेला प्रवासी. एक मुसलमान, एक हिंदू. दोघांची ओळख एका भाड्यापुरती, त्या मीटरवर पडलेल्या किलोमीटरांपुरती. एका घरातून जनाजा निघाला, दुसऱ्या घरातून अंत्ययात्रा.

त्या आठवड्यात मुंबईनं शोक कसा करायचा असतो ते दाखवलं, हे मी अभिमानानं लिहितो. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या जमिनीत जागा द्यायला नकार दिला. गेटवेसमोर माणसं न बोलावता जमली. खटलाही नीट चालला. जिवंत पकडलेल्या कसाबविरुद्ध साक्षी झाल्या, मे २०१० मध्ये निकाल लागला, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. पण त्या टॅक्सीतली दोन घरं एकमेकांसमोर बसतील, एकमेकांना विचारतील की तुमचे ते शेवटचे कधी बोलले होते, फोन आला होता का, अशी खोली आणि असा दिवस शहराच्या कुठल्याच कामकाजात नव्हता. कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा असतो, तहसीलदाराकडे नुकसानभरपाईचा अर्ज असतो. दोन्ही ठिकाणी माणूस एकटाच उभा राहतो.

म्हणून आज तुम्हाला मागे न्यायचं आहे. काम एकच: हिंसेत आपलं माणूस गमावलेली दोन घरं, मधे भिंत असलेली, एकमेकांसमोर बसलेली शोधायची. कुठवर मागे जावं लागेल ते चालता चालता ठरेल.

११ जुलै २००६ ला फार थांबू नका. पश्चिम रेल्वेच्या संध्याकाळच्या गाड्यांत, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतरानं सात स्फोट. तुमच्या इमारतीतलाही कोणीतरी त्या वेळच्या विरार लोकलनं येणारा असतो आणि त्याच्या घरचे रात्री अकरापर्यंत फोन लावत बसलेले असतात. या प्रकरणात पुढे काय झालं ते ऐकून ठेवा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षं तुरुंगात गेलेल्या माणसाच्या आईचं दुःख आणि डब्यातून न उतरलेल्या माणसाच्या आईचं दुःख, ही दोन दुःखं आता एकाच निकालाच्या दोन बाजूंना उभी आहेत, आणि गुन्हेगाराची जागा रिकामी आहे. यांना समोरासमोर बसवायचं म्हणजे कोणी कोणाला क्षमा करायची, हेच ठरत नाही.

२७ जानेवारी २००३ लाही असंच पुढे व्हा. सोमवार, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशीचा. पार्ले स्टेशनबाहेरच्या बाजारात सायकलला लावलेला बॉम्ब फुटतो, एक जीव जातो, तीसएक माणसं जखमी होतात. दुसऱ्या दिवशी भाजीवाले त्याच जागी पाटी मांडून बसतात. मुंबईच्या या धीराचं कौतुक वर्तमानपत्रं तेव्हाही करतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. पोट असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाटी मांडावीच लागते, त्यानं त्याचं दुःख मिटलं असं कोणी धरू नये.

आता जानेवारी १९९३. इथे थांबावं लागेल.

संध्याकाळी सातला पार्ल्याचे रस्ते सुने. गच्चीवर सोसायटीतल्या पुरुषांचा पहारा, पाळ्या लावलेल्या. एका कोपऱ्यात सोड्याच्या बाटल्या आणि विटांचे तुकडे रचलेले. कोणी सांगतं, किनाऱ्यावर होड्यांतून हत्यारं उतरलीत. कोणी सांगतं, दुधात विष. कोणालाच कुठून कळलं ते सांगता येत नाही आणि प्रत्येकाला पक्कं माहीत असतं. मिश्र वस्तीच्या इमारतींत मुसलमान घरांनी दारावरच्या नावाच्या पाट्या काढून ठेवल्या आहेत. दाराच्या लाकडावर त्या पाटीएवढा फिकट चौकोन उरला आहे आणि दोन कोपऱ्यांना स्क्रूची दोन भोकं. जो पाटी वाचायला येणार आहे त्याला तो चौकोनही वाचता येतो, हे घरातल्यांना कळत नसेल असं नाही. पण हाताला काहीतरी करायला हवं असतं.

दोन स्टेशनं पलीकडे जोगेश्वरी. ७ आणि ८ जानेवारीच्या मधल्या रात्री तिथल्या राधाबाई चाळीतली एक खोली बाहेरून बंद करून पेटवली जाते. आतल्या हिंदू कुटुंबांतले सहा जण जातात, त्यांत बहुतेक बायका आणि मुली. दुसऱ्या दिवशी शहर या एका बातमीवर पेटतं. ९ तारखेला महंमद अली रोडवरच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस शिरतात आणि त्यांच्या गोळ्यांनी आठ मुसलमान मरतात. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींचे मिळून नऊशे मृत्यू, त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगानं नोंदवले: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. त्यानंतर १२ मार्चचे बॉम्बस्फोट, आणखी २५७.

या दोन जागा शेजारी शेजारी ठेवून बघा, कारण मुंबईत कोणी ठेवत नाही. राधाबाई चाळीचं नाव घेणारे वेगळे, सुलेमान बेकरीचं नाव घेणारे वेगळे, आणि दोघेही समोरच्याला गप्प करायलाच ते नाव काढतात. चाळीच्या खटल्यात टाडा न्यायालयानं १९९६ मध्ये अकरा जणांना जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सगळ्यांना सोडलं. बेकरीच्या प्रकरणात मुख्य पोलीस अधिकाऱ्यासह अनेकांना सत्र न्यायालयानं २००३ मध्ये आरोपांतून मुक्त केलं, त्या अधिकाऱ्याची मुक्तता पुढे सर्वोच्च न्यायालयातही टिकली. दोन्हीकडे माणसं मेली, दोन्हीकडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, दोन्हीकडे शेवटी हातात काही आलं नाही. या शहरात एकमेकांचं दुःख शब्दाशब्दानं समजेल अशी माणसं असतील तर ती हीच. त्यांच्यामधलं अंतर राजकारणानं राखलं, कारण एका बाजूचे मेलेले दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांशेजारी बसले की त्यांचा भाषणात उपयोग संपतो.

आता तुम्हाला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्यासमोरच्या सुनावणीला बसवतो. ही खोली नीट बघून घ्या, कारण तुम्ही शोधताय त्याच्या सर्वांत जवळची मुंबईतली जागा मला हीच वाटते. पाचशेहून जास्त साक्षीदार इथे येऊन गेले. बाकावर कुंकू पुसलेली बाई बसलीय, तिच्या पलीकडे बुरख्यातली, मधे एक वकील फायली घेऊन. दोघींची साक्ष एकाच दिवशी लागली असली तर दोघींना एकमेकींचं सगळं ऐकावं लागतं: किती वाजता दार वाजलं, कोण होते, मूल कुठे होतं, पोलिसांनी फोन उचलला का. एकमेकींशी बोलायचं असं इथे काही नाही, उत्तर न्यायमूर्तींकडे तोंड करून द्यायचं. तरी ऐकणं होतं. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारनं आयोगच गुंडाळला. मे महिन्यात तो परत सुरू करावा लागला, मार्चचे स्फोटही त्याच्या कक्षेत घालून. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला आणि सरकारनं तो फेटाळल्यासारखाच केला. अहवालात दोन्हीकडचे मृत एकाच पुस्तकात, एकाच भाषेत नोंदलेले आहेत. एवढंच एकत्र येणं त्यांच्या वाट्याला आलं.

दुसरी खोली पोलीस ठाण्याची. दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे आयुक्त सतीश सहानी यांनी मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्याच्या आधी भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हा प्रयोग केलेला होता. १९७० आणि १९८४ ला जळलेली भिवंडी डिसेंबर १९९२ मध्ये शांत राहिली, तो पुरावा सगळ्यांसमोर होता. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी गल्ल्यागल्ल्यांत फिरत होती.

अशा बैठकीत तुम्ही मागच्या खुर्चीत बसा. पहिल्या दिवशी दोन वस्त्यांतली माणसं दोन भिंतींना टेकून बसतात. ज्याला बोलायचं तो पोलीस इन्स्पेक्टरला उद्देशून बोलतो. विषय निघतात ते गटाराचे, नळाच्या वेळेचे, रेशनवर न मिळालेल्या रॉकेलचे. पहिल्या दिवशी कोणी मेलेल्यांचं नाव काढत नाही आणि काढू नयेच, ही समज त्या माणसांना कोणी शिकवावी लागत नाही. दुसऱ्या महिन्यात गटाराची तक्रार दोन्ही वस्त्यांची एकच आहे हे निघतं, मग एका अर्जावर दोन्हीकडच्या सह्या होतात, वॉर्ड ऑफिसात चार जण एकत्र जातात. तिथून परतताना बसमध्ये कधीतरी एक जण दुसऱ्याला विचारतो, तुमच्याकडे कोण गेलं होतं हो? ही मंडळी पुढे पोरांच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरवायची, पोलीसही त्यात खेळायचे. गणपती आणि ताजियाच्या मिरवणुकींआधी एकमेकांच्या गल्लीत जाऊन उभी राहायची. या कामाला कोणी मोठं नाव दिलं नाही. मला ते नाव न देणं शहाणपणाचं वाटतं. ज्याचा मुलगा गेलाय त्याला 'समेट' म्हणून बोलावलं तर तो येणार नाही, आणि का यावं? गटारासाठी बोलावलं तर येतो.

दुसऱ्या देशांत हे काम घरांनी स्वतः हातात घेतलेलं आहे. इस्रायल आणि पॅलेस्टाइनमध्ये १९९५ पासून पॅरेंट्स सर्कल नावाची संस्था आहे. ती यित्झाक फ्रँकेंथाल या बापानं सुरू केली, ज्याच्या सैनिक मुलाला त्याच्या आदल्या वर्षी हमासनं मारलं होतं. सभासद व्हायला घरातलं जवळचं माणूस या संघर्षात गेलेलं असावं लागतं. आज तिथे दोन्हीकडची सहाशेहून जास्त कुटुंबं आहेत. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी, असे दोघे मिळून शाळांच्या वर्गांत जात आले आणि आपापल्या मेलेल्या माणसाबद्दल सांगत आले. तिथलं युद्ध त्यांनी थांबवलेलं नाही. पण ते शत्रूला नावानं ओळखतात, त्याच्या घरी जेवलेले असतात. मुंबईत नऊशे अधिक २५७ मृत्यूंमागे असलेल्या घरांतून अशी संस्था उभी राहिली नाही. आपल्या माणसांत तेवढं मन नव्हतं, असं मी मानायला तयार नाही. त्यांच्यातल्या कितीतरी घरांची वर्षं प्रेत सापडलं की नाही हे सिद्ध करण्यात गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं की बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांच्या घरच्यांना अजून शोधायचं आहे, त्यांना दोन लाख रुपये १९९९ पासूनच्या व्याजासह द्यायचे आहेत. तीस वर्षांनी सरकारी माणूस जुन्या पत्त्यावर जातो तेव्हा ती चाळ तिथे असते का, याचा विचार करा. ज्याला आपल्या माणसाच्या मृत्यूचा दाखलाच मिळालेला नाही, तो समोरच्या घराच्या मृत्यूबद्दल काय ऐकणार?

डिसेंबर १९८७ मधून जाताना फक्त एक वळण घ्या, पार्ले पूर्वेच्या शहाजी राजे मार्गावर. विधानसभेची पोटनिवडणूक आहे, सभेला अलोट गर्दी आहे. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू उभे आहेत, भाषण बाळासाहेब ठाकरे यांचं आहे आणि मत हिंदू म्हणून मागितलं जातं आहे. प्रभू निवडून येतात. हरलेले उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात जातात, उच्च न्यायालय १९८९ मध्ये निवडणूक रद्द करतं, सर्वोच्च न्यायालय डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम करतं, पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी जातो. कायद्याच्या पुस्तकांत पार्ल्याचं नाव या खटल्यानं गेलं. गर्दीत तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस चांगला आहे, तुमच्या ओळखीचा आहे, पाच वर्षांनी तो गच्चीवर पहाऱ्याला असणार आहे. त्याला आत्ता काही सांगता आलं तर सांगा.

आणि आता लांबची उडी. पार्ल्याच्या बाहेर जावं लागेल, पण परत यायचं आहे.

मे १९४९, नागपूर. उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एका घरात पन्नाशीचा एक माणूस पत्र लिहितो आहे. रामदास गांधी, गांधीजींचे तिसरे चिरंजीव. सव्वा वर्षापूर्वी, ३१ जानेवारी १९४८ ला, यमुनेकाठी बापाच्या चितेला अग्नी यांनीच दिला. पत्र अंबाल्याच्या तुरुंगात जायचं आहे. वर नाव लिहिलं आहे ते नथुराम गोडसेचं.

फेब्रुवारीत लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी सुनावली आहे, अपील पूर्व पंजाब उच्च न्यायालयापुढे आहे. रामदास पत्रात आरोप विसरत नाहीत. तू माझ्या वडिलांचा नाशवंत देह संपवलास, त्याहून जास्त काही तुला संपवता आलं नाही, असा त्याचा आशय आहे, आणि तुला कधीतरी केल्याची चूक उमगावी, अशी इच्छा. जूनच्या सुरुवातीला उत्तर येतं. गोडसे रामदासांच्या कुटुंबाला झालेल्या यातनांबद्दल माणूस म्हणून खेद कळवतो. केलेल्या कृत्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण भेटायला या, असं लिहितो.

रामदास जायला निघतात. एकटे जाणार नाहीत, बरोबर दोघांना नेण्याचा विचार आहे. एक विनोबा भावे. दुसरे किशोरलाल मशरूवाला, 'हरिजन'चे तेव्हाचे संपादक, दम्यानं जर्जर झालेले. विनोबांचं नाव आलं, त्याच्याजवळ जरा थांबा. गागोद्याचे कोकणस्थ ब्राह्मण. ३० जानेवारीच्या रात्री मारेकऱ्याचं आडनाव कळलं आणि पुढच्या दिवसांत साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांची घरं शोधून जाळण्यात आली. ज्यांचा त्या पिस्तुलाशी काही संबंध नव्हता त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या पेट्या, पोथ्या, दावणीची गुरं गेली, काही ठिकाणी माणसंही गेली. मराठी घरांत हे दुःख आजही आतल्या आवाजात सांगितलं जातं, कारण मोठ्यानं सांगितलं तर ते खुनाचं समर्थन वाटेल अशी भीती असते. साने गुरुजींनी त्या खुनानंतर एकवीस दिवसांचा उपवास केला. त्या सगळ्यानंतर गांधींचा मुलगा मारेकऱ्याच्या कोठडीत जाताना त्याच्याच जातीतल्या, त्याचीच मायबोली बोलणाऱ्या माणसाला सोबत न्यायचं म्हणतो. भेटीची एवढी बारकाईनं केलेली तयारी मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. कोणत्या भाषेत बोलणं होईल, कोणाचं ऐकलं जाईल, याचा विचार त्यात आहे.

तुम्ही नागपुरात टपालाची वाट बघत बसता. दिल्लीहून परवानगी लागणार. नेहरूंना ही भेट पसंत नाही. पटेल आणि राजाजींचंही मत वेगळं नाही. भेट होत नाही. फाशी देऊ नये म्हणून रामदासांनी आणि त्यांचे भाऊ मणिलाल यांनी गव्हर्नर जनरल असलेल्या राजाजींना साकडं घातलं, तेही मानलं गेलं नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात दोघांना फाशी झाली. प्रेतं घरच्यांच्या हाती दिली नाहीत, तुरुंगाच्या आवारातच दहन झालं. गोडसे आणि आपटे यांच्या घरीही त्या दिवशी माणसं गेलीच होती.

दिल्लीची बाजू मला कळते. देश दोन वर्षांचा, फाळणीचे निर्वासित अजून छावण्यांत, मारेकऱ्याला आणखी एक व्यासपीठ मिळेल ही शंका खोटी नव्हती. कोर्टातलं त्याचं निवेदन त्यांनी ऐकलेलं होतं. तरी मी म्हणेन, ती भेट व्हायला हवी होती. स्वतंत्र भारतात खुनानं हादरलेलं एक घर स्वतःहून समोरच्या माणसाकडे जायला निघालं होतं आणि ते देशातलं सर्वांत मोठं घर होतं. ती भेट झाली असती, त्यातून काहीही निघालं नसतं, गोडसे तसाच ताठ राहिला असता, तरी एक रीत पडली असती. नंतर जोगेश्वरीच्या, महंमद अली रोडच्या, हायवेवरच्या त्या टॅक्सीतल्या घरांना म्हणता आलं असतं की गांधींच्या मुलाला जाऊ दिलं होतं, आम्हालाही जाऊ द्या, आम्हालाही खोली द्या. आपल्याकडे तुरुंगाच्या नियमांत कैद्याच्या नातेवाइकाची भेट आहे, वकिलाची आहे. मेलेल्याच्या नातेवाइकाची नाही.

पार्ल्याला परत येण्याचा रस्ता मशरूवालांच्या नावावरून जातो.

एप्रिल १९३०. स्टेशनवर उतरता तेव्हा इमारती दिसत नाहीत, झाडी दिसते, बंगले दिसतात आणि पश्चिमेला जुहूपर्यंतचा मोकळा भाग. मिठाच्या सत्याग्रहाची विलेपार्ल्याची छावणी इथे आहे. मुंबईच्या उपनगरांतून, गुजरातेतून, वऱ्हाडातून स्वयंसेवक आलेत. छावणी चालवणाऱ्यांत दोन नावं पुढे आहेत, जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला. मशरूवाला चाळिशीचे आहेत, मुंबईत जन्मलेले, घर अकोल्याचं, वकिली सोडून गांधींकडे गेलेले. त्यांची पुतणी सुशीला मणिलाल गांधींना दिलेली, म्हणजे सोयरिकही आहे. किनाऱ्यावरून खारं पाणी आणून उकळायचं, मीठ पुड्यांत बांधायचं, विकायचं, पकडलं तर जायचं, असा इथला रोजचा उद्योग.

एकोणीस वर्षांनी ज्यांचं नाव रामदासांच्या मनात येणार आहे ते हे. तेव्हा ते परवानगीची वाट बघणार आहेत आणि ती येणार नाही. इथे मात्र कोणी कलेक्टरकडे अर्ज केलेला नाही. मीठ करायची परवानगी मागायचीच नाही, हाच तर सत्याग्रह आहे. या दोन तारखा एकाच माणसाच्या आयुष्यात बसतात हे मला सहज सोडून देता येत नाही. परक्या सरकारच्या नकाराला ज्यांनी जुमानलं नाही त्यांना आपल्या माणसांच्या नकारापुढे थांबावं लागलं. कोठडीच्या भेटीला दुसरा इलाजही नव्हता, कुलूप सरकारचं होतं. पण दोन घरांनी पार्ल्यात, जोगेश्वरीत, महंमद अली रोडला एकमेकांकडे जायचं ठरवलं तर मधे कुलूप कुठलं आहे? टिळक मंदिरासारख्या सभागृहांचं हे उपनगर आहे. व्याख्यानमालेला खुर्च्या लावायची सवय असलेली माणसं इथे घरोघर आहेत. बोलवायला कोणी उठलं नाही, इतकंच झालं आहे.

छावणीत सकाळपासून गडबड आहे. पोलीस यायची खबर आलेली असते. बजाज आणि मशरूवालांना पकडून नेतात, दोघांनाही दोन वर्षांची सजा होणार आहे. तुम्हाला वाटतं आता पांगापांग होईल. पण या सत्याग्रहात पुढारी पकडला गेला की त्याच्या जागी कोण बसणार हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं, त्याच्यामागे कोण तेही. नवा माणूस वही मागून घेतो, आज किनाऱ्यावर जाणाऱ्यांची नावं वाचतो, दोन जण कमी आहेत म्हणून तुमच्याकडे बघतो, आणि पाण्याच्या घागरी उचलायला माणसं निघतात.